ताळगावचं भाडं, बेळंदूरचं ऑफिस आणि दार लागणारी एक खोली

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. वय ३२, माहेर गोव्यात फोंड्याचं, सासर तिथल्याच शिरोड्याला, सध्या नवरा आणि साडेचार वर्षांच्या मुलाबरोबर पणजीजवळ ताळगावला टू बीएचकेमध्ये भाड्यानं राहते. भाडं २४,००० होतं, अकरा महिने संपत आले तसं मालक म्हणाला की जूनपासून ३२,००० द्या नाहीतर सोडा, दिल्लीचं एक जोडपं तयारच आहे. नेमका त्याच महिन्यात कंपनीचा मेल, घरून काम बंद, आठवड्याचे तीन दिवस ऑफिसला यायचं, बेंगळुरूला बेळंदूर किंवा पुण्याला खराडी, बेंगळुरू घेतलं तर पगार १२ टक्के जास्त. तिच्या हातात महिन्याला ८५,००० येतात, नवरा वेर्ण्याला औषध कंपनीत, त्याचे ५२,०००. तिनं एक्सेल बनवलीय. ताळगाव ३२,०००, पुण्यात पिंपळे सौदागरला ३०,०००, बेंगळुरूत व्हाइटफील्डला ४२,०००, आणि पुढे प्रत्येक शहराला दहापैकी मार्क: हवा, पाणी, ट्रॅफिक, शाळा, दवाखाना, सुरक्षितता, मासळी. बेरीज केली तर तिन्ही शहरं एकमेकांपासून दोन-तीन मार्कांवर. नवरा म्हणतो, भाडंच भरायचं तर जिथं वसूल होतं तिथं भरू. सासूबाई आठवड्यातून तीन दिवस शिरोड्याहून बसनं येऊन मुलाला सांभाळतात. शिरोड्याच्या घरात माडीवरची खोली रिकामी आहे, पण, तिच्याच शब्दांत, ‘तिथं नेट नीट चालत नाही आणि खरं सांगायचं तर काम करताना दार लावता येत नाही.’ प्रश्न असा: ताई, तिन्हींत भाड्याच्या मानानं राहणीमान कुठलं चांगलं?

अगं, पहिल्यांदा एक्सेलबद्दल मनापासून शाबासकी, आमच्या वेळेला आम्ही हे सगळं पाकिटाच्या मागच्या बाजूला करायचो आणि ते पाकीट नंतर सापडायचं नाही. पण तुझी शीट मी दोनदा उघडून बघितली आणि माझं मत असं झालं की बेरीज बरोबर आहे, कॉलम चुकलेत.

सगळ्यात आधी ते शहर शहर करणं सोड. शहरात कोण राहतं? आपण एका बिल्डिंगमध्ये राहतो, तिथून एका रस्त्यानं एका ऑफिसला जातो, एका दुकानातून दूध आणतो. तुझं पुण्याचं ऑफिस खराडीला आणि घर तू बघतेयस पिंपळे सौदागरला, का तर मावसबहीण तिथं आहे. अगं खराडी पुण्याच्या एका टोकाला आणि पिंपळे सौदागर जवळजवळ दुसऱ्या, मध्ये सगळं पुणं. तिथं जुलैच्या पावसात संध्याकाळी सहाला निघालीस तर बहिणीचा चहा तुला शनिवारीच मिळणार. त्यापेक्षा वडगाव शेरी बघ, विमाननगर बघ, रामवाडी बघ, २०२४च्या मार्चपासून मेट्रो रामवाडीपर्यंत येते, तिथून खराडी रिक्षाच्या अंतरावर. भाडं थोडं वर जाईल पण रोजचे दोन तास हातात राहतील. बेंगळुरूचंही तेच, व्हाइटफील्डला मेट्रो आहे म्हणून तू ट्रॅफिकच्या कॉलमात सहा मार्क दिलेस, पण ती पर्पल लाइन व्हाइटफील्डहून शहराच्या मध्याकडे जाते, तुझं ऑफिस बेळंदूरला आउटर रिंग रोडवर, आणि त्या रस्त्याबद्दल मी काय वेगळं सांगणार, ज्याचा भाचा बेंगळुरूला नाही असं घर गोव्यात शोधावं लागेल, त्याला एक फोन कर.

आता पैशाचं. तू भाड्यासमोर भाडं ठेवलंयस. पण भाडं म्हणजे नुसती मालकाला जाणारी रक्कम नव्हे. बेंगळुरूचं घर उदाहरणाला घे. तू लिहिलंयस की ते सहा महिन्यांचं डिपॉझिट मागतायत, म्हणजे २,५२,०००. (केंद्रानं २०२१ला जो आदर्श भाडेकरू कायदा काढला त्यात राहत्या घराला दोनच महिन्यांचं डिपॉझिट म्हटलंय, पण तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, त्यामुळे मालकाला जाऊन तो दाखवू नकोस, हसेल.) हे पैसे तुझेच असले तरी ते एफडीत सात टक्क्यांनी असते तर महिन्याला १,४७० आले असते. घर सोडताना तिकडे पेंटिंगचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत आहे, दोन वर्षं राहिलीस तर ते महिन्याला १,७५० पडतं. मेंटेनन्स ४,५०० वेगळा, तो तू शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलायस. सगळं मिळून ४२,००० चं घर ४९,७२० ला पडतं. तुझी पगारवाढ १०,२००. ताळगावच्या वाढीव भाड्याशी तुलना केलीस तरी फरक १७,७२० चा. म्हणजे वाढ आली कधी आणि गेली कधी तुला कळणारसुद्धा नाही.

पुण्याचं तसंच केलं, तीन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याची दलाली दोन वर्षांत वाटून, मेंटेनन्स ३,५००, तर ३०,००० चे ३५,२७५ होतात. मेंटेनन्स पुण्यात बऱ्याच ठिकाणी मालक भरतो, ते आधी विचार, आणि हो, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं सक्तीचं आहे, १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. ऑनलाइन होतं. ‘नुसती नोटरी करू, कशाला खर्च’ म्हणणारा मालक भेटला तर तिथूनच चप्पल घालायची.

पण हेही सगळं किरकोळ आहे, खरी रक्कम तुझ्या शीटमध्ये नाहीच. नवऱ्याचे ५२,००० कुठे आहेत? पुण्याच्या आणि बेंगळुरूच्या कॉलमात तू दोघांचे पगार धरलेस, पण त्याला तिथं नोकरी आहे कुठे? मिळेल, औषध कंपन्या दोन्हीकडे आहेत आणि वेर्ण्याचा अनुभव कामाला येतो, मी नाही म्हणत नाही. पण जूनला हातात नसेल. समज चार महिने तो घरी बसला. २,०८,००० गेले. हे दोन वर्षांत वाटलंस तर महिन्याला साडेआठ हजारांच्या वर होतात. म्हणजे ज्या ८,००० च्या भाडेवाढीला वैतागून तुम्ही गोवा सोडायला निघालात, त्याहून जास्त. आणि ते चार महिने घर कशावर चालणार, तर तुझ्या एकटीच्या पगारावर, बेंगळुरूत पगाराचे निम्म्याहून जास्त घराला, पुण्यात एक्केचाळीस टक्के. आज ३२,००० दिलेस तरी दोघांच्या मिळून पगाराचे साधारण तेवीस टक्के होतात. हे मी ताळगावच्या मालकाची बाजू घेऊन सांगत नाहीये, ३२ त्या घराला जास्तच आहेत. पण महाग काय आहे ते नीट ओळख. दुसरा पगार थांबणं, हे तिन्ही घरांपेक्षा महाग आहे.

आणि सासूबाई. त्यांच्याबद्दल पत्रात तू दोन परिच्छेद लिहिलेस आणि दोन्हीत तक्रार आहे, ती मी इथे छापत नाही. त्या फोडणीच्या वेळी येऊन ‘गे, इतकें तेल?’ म्हणतात, मान्य. पण शिरोड्याहून पहिली बस, मग दुसरी बस, मग ताळगावची तिसरी, असं आठवड्यातून तीनदा एक बाई साठीत करतेय आणि तुझ्या एक्सेलमध्ये त्याची किंमत शून्य आहे. पाळणाघराचा रेट विचारलास का दोन्हीकडे? नाही विचारलास, कारण तुला तो खर्च कधी पडलाच नाही. नुसता रेट नाही, मुलाला ताप आला की पाळणाघर त्याला घेत नाही, त्या दिवशी कोण? नवरा नवीन नोकरीत, तू ऑफिसच्या तीन दिवसांत. हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी गाव सोडलं त्या सगळ्या आयांनी कधी ना कधी रात्री दोनला सोडवलाय, सुटतो तो, पण फुकट नाही सुटत.

चवथीचा, म्हणजे गणपतीचा, कॉलमही नाही. हसू नकोस. तू गोंयकार, चवथीला शिरोड्याला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला तुम्ही असणारच, मे महिन्यात येणार, गावच्या जत्रेला येणार. तीन माणसांची तीन वेळा ये-जा, आणि चवथीच्या आठवड्यात पुण्या-बेंगळुरूहून सुटणाऱ्या स्लीपर बसचं तिकीट काय होतं ते मागच्या वर्षी कुणी भरलं असेल त्याला विचार. ते बारानं भागून भाड्यात घाल.

एवढं वाचून तुला वाटेल ताई गोवा सोडू नको सांगतेय. तसं नाही. गोव्याला तू शीटमध्ये जे मार्क वाटलेस ते बघून तर मला वाटलं की ही पर्यटन खात्यात आहे की काय. हवा नऊ? जुलैमध्ये तुमच्या बेडरूमच्या कपाटाच्या मागे हात घालून बघ आणि मग सांग. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांना मिशा फुटतात. मी एकदा मडगावला घर घेतलं होतं भाड्यानं, एप्रिलमध्ये बघितलं, पांढरंशुभ्र, नुकता रंग दिलेला, मी खूश. पंधरा जूनला बाथरूमच्या भिंतीवर काळी नक्षी, महिन्याभरात ती हॉलमध्ये, मालकाला फोन केला तर म्हणाला, ‘बाय, पावसांत सगळ्यांगेर येता.’ येते, पण सगळ्यांकडे छताच्या कोपऱ्यातून पाणी थेंब थेंब पुस्तकांवर पडत नाही. तेव्हापासून माझा नियम आहे आणि तो मी ज्याला त्याला सांगते, गोव्यातलं घर आषाढात बघायचं आणि पुण्या-बेंगळुरूचं वैशाखात. इथं घर पावसात खरं बोलतं, तिथं उन्हाळ्यात, कारण तिथला प्रश्न पाण्याचा. बेंगळुरूला कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून उपसून वर चढवून आणतात, शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर आहे ना, आणि कडेच्या भागातल्या सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर, २०२४च्या उन्हाळ्यात बोअर आटल्या तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलं. पुण्यातही बाणेर, वाघोली, खराडीच्या बाजूच्या कित्येक सोसायट्या टँकर मागवतात, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो. तू आत्ता एप्रिलअखेर बघायला जाणार आहेस ते उत्तम आहे. वॉचमनला विचार, मालकाला नको: आज किती टँकर आले? वॉचमन खोटं बोलत नाही, त्याला त्याचं काही मिळत नसतं.

आपल्याकडे पाणी भरपूर, पण पाइप एक. २०१९च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला ओपाच्या पाणी प्रकल्पाची पाइपलाइन फुटली आणि भर पावसात पणजी-फोंडा कित्येक दिवस कोरडं, बाहेर धो धो आणि नळाला थेंब नाही, तू असशील की तेव्हा इथेच. वीज स्वस्त, पण पावसाचा पहिला वारा सुटला की जाते, आणि तुझं काम मीटिंगवर चालतं. इन्व्हर्टर कोणी बसवला, तुम्ही की मालकानं? आणि स्कूटर किंवा गाडीशिवाय इथं कोपऱ्यावरचा पाव सोडला तर काही मिळत नाही, तोसुद्धा पोदेर दारात आणतो म्हणून. रात्री आठनंतर बसची वाट बघणं म्हणजे नवस बोलल्यासारखं, ओला-उबर आपल्याकडे नाहीत. पुण्यात किंवा बेंगळुरूत तू कदाचित एक गाडी विकून टाकशील, ती बचत त्यांच्या कॉलमात घाल की. पेट्रोल इथं दोघांपेक्षा स्वस्त आहे खरं, पण आपण ते दुप्पट जाळतो.

दवाखान्याच्या कॉलमात मात्र गोव्याला दिलेस त्याहून जास्त दे. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल आहे, रांग लागते, कोणावर तरी चिडायला होतं, पण मध्यरात्री तिथं घेऊन गेलं की बघतात, आणि २०१८पासून बाहेरच्या राज्यातल्यांना तिथं पैसे पडतात, आपल्याला नाही. पुण्यात-बेंगळुरूत हॉस्पिटलं चांगली आहेत, खासगी आहेत, म्हणजे कंपनीचा विमा संपूर्ण कुटुंबाला आहे की फक्त तुला, आणि सासू-सासरे त्यात बसतात का, ते एचआरला आजच विचार. आणखी एक रुक्ष गोष्ट, पण नंतर लोक कपाळाला हात लावतात म्हणून सांगते: इथं सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. तुझा मुलगा आत्ता साडेचारचा. पाच-सात वर्षं बाहेर राहिलात तर त्याच्या रहिवासाचं, पुढच्या प्रवेशाचं काय होईल ते जाण्याआधी मामलेदार कचेरीत जाऊन नीट विचारून घ्या, व्हॉट्सअॅपवर नाही.

शाळेचं तू फक्त फी आणि अंतर बघितलंस. तुमच्या घरात कोकणी बोलतात आणि तू मराठीत वाचतेस, लिहितेस, मला एवढं लांबलचक पत्र मराठीत लिहिलंस. पुण्यात मुलाला मराठी शाळेतून मिळेल, महाराष्ट्रात ती आता सगळ्या शाळांत सक्तीची आहे. बेंगळुरूत कन्नड शिकेल, तेही काही वाईट नाही, आपल्या किती देवळांत कानडी मुलखातून माणसं येतात, पण मग मराठी तुला घरी बसून शिकवावी लागेल आणि तू रात्री आठला ऑफिसातून दमून येणार. विचार कर एवढंच.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. तुझ्या चार पानी पत्रात सगळ्यात खरी ओळ एकच आहे आणि ती तू कंसात लिहिलीस. ‘काम करताना दार लावता येत नाही.’

मला सांग, तुम्ही ताळगावला का राहता? नवऱ्याची नोकरी वेर्ण्याला. शिरोड्याहून बोरीचा पूल ओलांडून लोटलीवरून वेर्णा त्याला ताळगावपेक्षा काही लांब पडत नाही. तुझं पणजीतलं ऑफिस पूर्वी होतं, तीन वर्षांपूर्वी सुटलं, त्यानंतर तू घरूनच काम करतेस. सासूबाई तीन बस बदलून तिथं येतात. मग ताळगावात तुमचं आहे कोण? मिरामारचा समुद्रकिनारा आहे, मान्य, रविवारी. तू २४,००० भरत होतीस ते ताळगावचे नव्हते गं, ते एका दाराचे होते. जे बंद केलं की कुणी ‘चा जाय?’ (चहा हवा का?) म्हणून उघडत नाही, आणि उघडलं नाही म्हणून रुसत नाही. त्यात वाईट काही नाही, मी तर म्हणते या पैशाचं याहून चांगलं काही करता येत नाही, मीसुद्धा अशा दारासाठी आयुष्यात बरंच भाडं भरलंय. पण दारच विकत घ्यायचंय हे कळलं की ते ताळगावातच असायला पाहिजे असं नाही राहत, बेळंदूरला तर नाहीच नाही.

तू पत्रात सहज लिहून गेलीस की फोंड्याला तुझ्या आत्याच्या शेजारचा टू बीएचके १६,००० ला आहे ‘पण ते काय’. ते काय म्हणजे काय? तो एक्सेलमध्ये नाहीच! दोघांच्या पगाराचे बारा टक्केसुद्धा नाहीत. शिरोडा एका बसवर, वेर्णा बोरीवरून, माहेर चालत. मला शंका आहे की तुला फोंड्याला परत जाणं म्हणजे हरल्यासारखं वाटतंय. पणजीला गेलेली मुलगी परत फोंड्याला आली, तेही भाड्याच्या घरात, लोक काय म्हणतील. हे मी चूक समजत असेन तर रागाव, पुढच्या पत्रात लिही. पण बरोबर असेल तर ‘लोक’ नावाचा एक कॉलम घाल आणि त्याला किती वजन देणार ते आकड्यात लिही, महिन्याला १६,००० वाचतात त्यासमोर. तोटेही लिही, फोंड्याला समुद्र नाही, पाऊस अजून जास्त, बाजारात पार्किंग म्हणजे देव आठवतो, आणि आत्या शेजारी म्हणजे दाराचा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो, म्हणून आत्याच्या शेजारचा नको, चार गल्ल्या सोडून बघ. नाटकं मात्र राजीव गांधी कला मंदिरात होतात, तू लिहिलंयस की तुला त्याशिवाय करमत नाही.

पण कंपनी? हो, ते उरतंच. त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण तू अजून विचारलंच नाहीयेस. मेल आला आणि तू घरं शोधायला लागलीस. आधी मॅनेजरला लेखी विचार की महिन्यातून सलग एक आठवडा खराडीला येईन, बाकीचं घरून, आधी सहा महिने करून बघू. नुसतं ‘अडचण आहे’ लिहू नकोस, तीन वर्षांत काय काय वेळेवर दिलंस ते लिही. पणजीहून रात्रीची बस धरली की सकाळी पुणं, आणि तेव्हा मावसबहिणीकडे नाही, खराडीजवळ पाच रात्रींची एखादी पीजी. त्या आठवड्यात सासूबाई येतील किंवा मुलगा शिरोड्याला जाईल, हे मात्र त्यांना हुकूम दिल्यासारखं न सांगता विचारायचं, आणि तेल कमी घालायचं. कंपनीवाले नाही म्हणाले, तर मग पुणं, बेंगळुरू नाही, माझं मत विचारशील तर. आणि पुण्यालाही सगळ्यांनी एकदम जूनला नाही, आधी तू एकटी दोन-तीन महिने, नवऱ्यानं तोवर वेर्ण्यातून अर्ज करायचे, त्याच्या हातात ऑफर आल्यावर घर आणि मुलाची शाळा. अवघड आहेत ते महिने, रडशील व्हिडिओ कॉलवर, पण ५२,००० चालू राहतील आणि न आवडल्यास परतीचा रस्ता उघडा राहील. मला यात खात्री नाही एका गोष्टीची, साडेचार वर्षांचं मूल आईशिवाय तीन महिने, ते तुझं तुलाच माहीत, कुठल्याही शीटमध्ये ते येत नाही.

ताळगावच्या मालकाचं राहिलं. ‘दिल्लीचं जोडपं तयार आहे’ हे वाक्य सध्या गोव्यातल्या प्रत्येक भाडेकरूनं ऐकलंय, कधी दिल्ली, कधी मुंबई. कधी खरं असतं. बाहेरून लॅपटॉप घेऊन आलेली माणसं तिकडच्या भाड्याच्या हिशोबानं इथं बघतात, त्यांना ३२ स्वस्त वाटतात, त्यांचाही तसा दोष नाही, तूही व्हाइटफील्डचे ४२ बघून ताळगावचे ३२ ठीकच म्हणाली होतीस की एका ठिकाणी. दुसऱ्या बाजूनं, २०११च्या जनगणनेत आपल्याकडे साधारण पाच घरांमागं एक घर बंद होतं, कुलपं बघायची असतील तर तुमच्याच बिल्डिंगमध्ये संध्याकाळी किती खिडक्यांत दिवा लागतो ते मोज. बंद ठेवायचं एक कारण हेही, की १९६८च्या भाडे नियंत्रण कायद्याची धास्ती मालकांच्या मनातून जात नाही, भाडेकरू बसला तर उठणार नाही असं त्यांना वाटतं. ही भीती तुझ्या कामाची आहे. तू त्याला सांग, की तीन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स रीतसर नोंदवून करू, पोलिसांकडचा भाडेकरूचा फॉर्म आम्ही भरू, दर वर्षी पाच टक्के वाढवा, सुरुवात २७,००० पासून. दिल्लीचं जोडपं पहिला पावसाळा बघून ऑगस्टमध्ये गेलं तर त्याचे दोन महिने रिकामे जातात, रंग पुन्हा, दलाली पुन्हा, तो हे जाणतो, फक्त कुणीतरी त्याच्यासमोर बसून शांतपणे बोलायला हवं, नवऱ्याला पाठवू नकोस, तो तावातावानं बोलतो असं तूच लिहिलंयस. करारात एवढं मात्र लिहून घे की डिसेंबरात पर्यटकांना द्यायचंय म्हणून मध्येच उठा म्हणता येणार नाही, किनाऱ्याकडच्या गावांत हे सर्रास होतं आणि आता ते ताळगावपर्यंत यायला फार दिवस नकोत.

हा करार तू फोंडा बघून आल्यावरच कर, आधी नाही. नाहीतर २७ मिळाले या आनंदात तीन वर्षं तिथंच राहशील आणि सासूबाई तीन बस बदलत राहतील.

एचआरएचं विचारलं होतंस, नवी कररचना घेतलेली असेल तर घरभाड्याची सूट मिळतच नाही, तेव्हा ‘जास्त भाड्याचं घर घेतलं की टॅक्स वाचतो’ हे नवऱ्याचं म्हणणं आधी त्याच्या सॅलरी स्लिपवर तपासा.

आणि ते मार्क. मासळीच्या कॉलमात तू पुण्याला दहापैकी पाच दिलेस. कधी खाल्लीस तिथली?